एक उकार

बंगळूरच्या चामराजपेटमधल्या त्या घराचा जिना ज्याने बांधला, तो माणूस भरलेली बादली घेऊन तिथून कधी चढला नसणार. खाली सासऱ्यांचं दोरे, बटणं आणि अस्तराच्या कापडाचं दुकान, वर राहतं घर, त्याच्यावर कपडे वाळत घालायची गच्ची, आणि या तिन्हींना जोडणारा उभा, अरुंद, अंधारा जिना. मनस्विनी लग्न होऊन नागपूरहून आली तेव्हा फोनवर बोलत बोलत हा जिना चढायची. आता तिसऱ्या वर्षी तिला अर्ध्यावर भिंतीला हात लावून उभं राहावं लागत होतं. छातीत धडधड व्हायची, कानात शेजारच्या घरी कुणी मिक्सर लावल्यासारखा घूं आवाज यायचा आणि वर पोचलं की आहे तिथेच जमिनीवर आडवं व्हावंसं वाटायचं. पण ती आडवी होत नसे. त्याला कारण होतं, आणि ते कारण स्वयंपाकघरात काफी गाळत उभं असायचं.

तिच्या सासूबाई, शारदाबाई, काही खाष्ट नव्हत्या. टोमणे मारणं त्यांना येत नसे, मुळात त्या बोलायच्याच कमी. गल्ली त्यांना अक्का म्हणे. कुठेही बसल्या तरी खुर्चीच्या कडेवर बसत, म्हणजे हाक आली की उठायला सोपं. सगळ्यांची पानं उठली की उरलेल्या भातावर ताक ओतून त्यांचं जेवण व्हायचं, आणि पुष्कळदा तेही न होता काफीवर भागायचं. अशा बाईत खोट काढायला सुनेला सुरुवातीला काही सापडेना, म्हणून ती त्यांच्या मराठीला हसायची.

हसण्यासारखं ते होतंच, निदान नागपुरी कानाला. या घराण्याने बंगळूर कधी गाठलं ते आता घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. पिढ्यान् पिढ्या दुकान कन्नडात चालवायचं आणि घर मराठीत, तेव्हा दोन्ही भाषा एकमेकींच्या अंगणात खुशाल चरत होत्या. थोडं म्हणजे स्वल्प, बरं म्हणजे सरी. त्यात प्रत्येक शब्दाला कन्नडचं शेपूट, म्हणजे बसचा बस्सु आणि रोडचा रोडु. मनस्विनीने आधी आधी सुधारून पाहिलं. मग सोडून दिलं आणि मैत्रिणींना त्याच्या नकला करून दाखवायला लागली. शुद्ध मराठी येते असं वाटणाऱ्या माणसाला थोडा माज असतोच, तसा तिलाही होता.

तो माज एका शनिवारी अंगाशी आला. ती खोलीत पडल्या पडल्या केस विंचरत होती, म्हणजे खरं तर कंगव्यात आलेला पुंजका बघत होती. बाहेर सज्जात शारदाबाई समोरच्या चंद्राबाईंशी बोलत होत्या. आमच्या मनूला भारी सुस्तु, असं त्या म्हणाल्या. सकाळी उठवत नाही तिच्याच्यानं, कामावरून आली की बसतीच खाली, लई सुस्तु. त्यावर चंद्राबाई म्हणाल्या, "अय्यो, पाप."

मनस्विनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बस्सु म्हणजे बस, रोडु म्हणजे रोड, तर सुस्तु म्हणजे काय हे कळायला कोश उघडायची गरज नव्हती. आणि वर पाप. म्हणजे सून आळशी निघाली हे गल्लीच्या हिशेबी पापात जमा. तिची आई नागपुरात शाळेवर मास्तरीण होती. आईच्या लेखी चोर एक वेळ परवडला, पण सुस्त माणूस नको. लहानपणी रविवारी सकाळी पांघरूण ओढत आई विचारायची, "सुस्त पडून राहिली का अजून?" त्या शब्दाचा धाक घेऊन ती शिकली, नोकरीला लागली, इथवर आली. आणि आता तो शब्द इथे, परमुलखात, सज्जातून सज्जात जात होता.

मग तिने ठरवलं की या घरात कुणाला ते म्हणायला जागाच ठेवायची नाही. शारदाबाईंच्या आधी उठायचं. उठून ओटा पुसायचा, पाणी भरायचं, डोशाचा तवा चढवायचा. तिथून बेळ्ळंदूरच्या ऑफिसला जायचं म्हणजे आधी मार्केटपर्यंत चालत, मग बस, मग सिल्क बोर्डाचा तो जॅम, ज्यात माणूस म्हातारा होतो. पूर्वी ती बसमध्ये उभी राहून गाणी ऐकायची. आता जागा मिळाली नाही तर डोळ्यांपुढे काजवे यायचे, आणि मिळाली तर अशी झोप लागायची की उतरायचा थांबा मागे पडायचा. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

ऑफिसात पॅन्ट्रीतल्या मशीनमधून ती पेला भरून बर्फ आणायची आणि कडाकडा चावत बसायची. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. दाताखाली बर्फ फुटला की डोकं घटकाभर जागं व्हायचं. शेजारचा अभिराज हसून म्हणे, मनस्विनी, यू आर लाइक अ गोला गाडी. घरी बर्फ नसायचा, तर डब्यातले कच्चे तांदूळ चिमटीने तोंडात टाकायची. मीटिंगमध्ये कुणी काही विचारलं की शब्द तोंडापर्यंत येऊन परत फिरायचे. पाळीचं तर विचारूच नका. पूर्वी चौथ्या दिवशी मोकळी होणारी बाई आता आठवडाभर काळ्या पँटशिवाय बाहेर पडत नव्हती, आणि बॅगेत कायम दुसरी पँट ठेवत होती. तिच्या आईचंही असंच होतं, मावशीचंही. बायकांचं असतंच ते, अंगावर काढायचं. पुरुषाच्या नाकातून इतकं रक्त गेलं असतं तर घरात वैद्य, डॉक्टर, देव सगळे जमले असते.

घरात मात्र उलटंच चाललं होतं. ती जितकी कामाला हात घालायची तितक्या शारदाबाई तिच्या हातातून काम काढून घ्यायच्या. डोशाचा डाव घेतला की, "राहू दे गं, मी करते." बादली उचलली की, "ठेव खाली." एकदा ती कांदा चिरत होती तर त्यांनी विळीच बाजूला सरकवली आणि तिच्यापुढे बिटाची कोशिंबीर ठेवली, खा म्हणून. मनस्विनीला बीट बघूनच रडू आलं. आळशी म्हणायचं आणि काम करू द्यायचं नाही, म्हणजे आळशीपणाचा पुरावा आयताच तयार. किती सरळ चेहऱ्याची बाई आणि किती आतल्या गाठीची, असं तिला वाटलं आणि ती तशीच, न खाता उठून गेली.

शेवटी तिने विनोदकुमारला गाठलं. हा तिचा नवरा. वडिलांबरोबर दुकान बघायचा आणि भांडण दिसलं की दोऱ्यांची रिळं मोजायला लागायचा. ती म्हणाली, "तुझी आई गल्लीभर सांगत फिरते, मला सुस्तु म्हणून. तुला माहीत आहे?"

विनोदने मान डोलवली. "खरंच हाय की गं. मला पण दिसतंय रोज."

इतक्या शांतपणे म्हणाला की तिला ओरडायचंही त्राण राहिलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली आणि पडल्या पडल्याच तिने सांगून टाकलं, मला या घरात राहायचं नाही. एचएसआरला फ्लॅट बघ, ऑफिस जवळ पडेल, नाहीतर मी एकटी जाते. तिला वाटलं होतं आता महाभारत होईल. एकुलता एक मुलगा, दुकान इथे, आईबाप इथे. पण विनोद दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी येऊन म्हणाला, सरी, बघू. मी बस्सुने येत जाईन दुकानात. महिना संपायच्या आत त्यांनी दोन खोल्यांचा एक फ्लॅट पसंतही केला, लिफ्टचा. घरमालकाला रविवारी संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता. शारदाबाईंच्या कानावर ते घातलं तेव्हा त्या म्हणाल्या, चांगलं झालं. मनस्विनीला ते फारच लागलं. जाते म्हटलं तर थांब म्हणायचीसुद्धा पद्धत नाही या घरात.

त्याच रविवारी सकाळी तिने चादरी धुतल्या. मशीनला लावल्या असत्या तरी चाललं असतं, पण एका चादरीवर तिचाच डाग होता आणि तो सासूच्या नजरेला पडायच्या आधी घालवायचा होता. पिळलेल्या चादरींची बादली घेऊन ती गच्चीकडे निघाली. अर्ध्या जिन्यात कानातला मिक्सर सुरू झाला. तिने भिंतीला हात लावला, पण भिंत हाताला लागेना. बादली खडखडत खाली गेली आणि ती पायरीवर बसली, मग बसल्या जागी कलंडली.

डोळे उघडले तेव्हा तिचं डोकं शारदाबाईंच्या मांडीवर होतं. त्या पायरीच्या कडेवर, जिथे एक माणूसही नीट मावत नाही, कशाबशा टेकल्या होत्या आणि पदराने वारा घालत होत्या. त्यांना इतकी धाप लागली होती की शब्द फुटत नव्हता. खाली दुकानातून धावत वर आल्या होत्या. श्वास जमल्यावर त्या एवढंच म्हणाल्या की आज तुझं काही ऐकणार नाही, ऊठ, डॉक्टरीणबाई रविवारी अकरापर्यंत असतात.

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. शारदाबाईंची त्यांच्याशी जुनी ओळख असावी, कारण बाईंनी मान वर करून आधी त्यांनाच कन्नडात विचारलं काय झालं म्हणून. शारदाबाई भडाभडा बोलायला लागल्या. मनस्विनीने सासूला एवढं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. कन्नड तिला बेताचंच कळे, पण मध्ये मध्ये ओळखीचे तुकडे ऐकू येत होते. जिना, केस, बस्सु, कच्चे तांदूळ, चादर. म्हणजे तांदूळही बघितले होते आणि चादरीही. ती शरमेने खाली बघत राहिली. मग डॉक्टरीणबाई तिच्याकडे वळल्या आणि मायेने म्हणाल्या, "तुंबा सुस्ता?"

मनस्विनीला वाटलं आता आपण इथेच रडणार. दवाखान्यातसुद्धा तेच. एवढी शिकलेली डॉक्टर, तिलाही सासूने पढवून ठेवलं. ती कशीबशी हिंदीत म्हणाली की मी आळशी नाही, डॉक्टर, घरातलं आणि ऑफिसचं सगळं करते, माझ्याबद्दल काहीही सांगितलं असेल तरी.

डॉक्टरीणबाई गोंधळल्या. आळशी कोण म्हणालं, असं त्यांनी विचारलं. मनस्विनी म्हणाली, तुम्हीच तर म्हणालात, सुस्त.

"सुस्त नाही, सुस्तु," बाई हिंदीत म्हणाल्या. "सुस्तु म्हणजे थकवा. अंगात ताकद नसणं. मी विचारलं, फार थकवा येतो का. तुमच्या सासूबाई मघापासून तेच सांगतायत, मुलगी थकते, फार थकते, काहीतरी करा."

मराठी माणसाला ध चा मा झाला की काय अनर्थ होतो ते शाळेतच शिकवतात. इथे अक्षरसुद्धा बदललं नव्हतं, नुसत्या एका उकाराचं काम होतं. जो उकार शेपूट म्हणून तिने हसून कापून टाकला होता, त्यातच सगळा जीव होता. तिला सज्जातलं बोलणं आठवलं. भारी सुस्तु. विळी बाजूला सरकवणारा हात आठवला, बीट आठवलं. तिने विचारलं, आणि कन्नडमध्ये पाप म्हणजे? बाई म्हणाल्या, पाप म्हणजे बिचारी. मनस्विनीला हसू आलं आणि हसता हसता ते रडण्यात गेलं, आणि मग बराच वेळ थांबलं नाही. शारदाबाईंना काहीच कळलं नाही. त्या बिचाऱ्या घाबरून तिची पाठ चोळत राहिल्या.

डॉक्टरीणबाईंनी तिला खिडकीपाशी नेलं, खालची पापणी बोटाने ओढून बघितली, मग नखं बघितली, पाळीचं सगळं खोदून विचारलं. रक्त तपासायला दिलं. त्यांचा अंदाज त्यांनी तिथेच सांगितला की अंगात लोह उरलेलं नाही, दर महिन्याला जातंय तेवढं भरून येत नाही, म्हणून धाप, म्हणून केस, म्हणून ते बर्फ आणि तांदूळ. बर्फ खावासा वाटणं हे वेड नाही, त्याच आजाराचं एक अंग आहे. पाळीत एवढं का जातं त्यासाठी सोनोग्राफी करायची. आणि गोळ्या सुरू केल्या की काफीबरोबर घ्यायच्या नाहीत, काफी सगळं लोह अडवून धरते. शारदाबाईंनी ते ऐकून दोन्ही कानांना हात लावले.

परत येताना त्यांनी रिक्षा केली. मनस्विनीला खरं सांगून टाकायचं होतं, पण एवढ्या महिन्यांचा राग कुठून उकलायला घ्यावा ते समजेना. शेवटी ती म्हणाली की आई, मला वाटलं तुम्ही मला आळशी म्हणता, म्हणून मी जायला निघाले होते.

शारदाबाईंनी तिच्याकडे बघितलं. त्यांना हे कळायला वेळ लागला, आणि कळलं तेव्हा राग आला नाही, उलट त्याच ओशाळल्या. मग रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "एचएसआरचं मीच विनोदला म्हणले होते. तू बोलायच्या आधीच. हापिस जवळ पडलं तर पोरीची सुस्तु जाईल म्हणले. तू गेलीस तर मला काय बरं वाटणार हाय?"

म्हणजे जो फ्लॅट आपण भांडून मिळवला असं ती समजत होती, तो सासूने आधीच देऊन ठेवला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

रिक्षा घरापाशी थांबली. दोघी जिना चढायला लागल्या, मनस्विनी पुढे, शारदाबाई मागे. अर्ध्यावर मनस्विनी सवयीने भिंतीला हात लावून थांबली. मागे बघितलं तर शारदाबाईही थांबल्या होत्या. त्यांचाही हात भिंतीवर होता, अगदी तिथेच, आणि त्या हाताखालचा रंग घासून घासून गुळगुळीत झाला होता. हा डाग तिने रोज बघितला होता. तीन वर्षांत असा डाग पडत नाही.

"आई, तुम्ही पण थांबता इथे?"

"कधीपासून," शारदाबाई म्हणाल्या. "विनोद पोटात होता तेव्हापासून."

"मग कधी बोलला नाहीत?"

"कुणाला बोलू? माझी सासू होती, ती पण इथंच थांबायची. मला वाटलं जिनाच तसा हाय." त्यांनी दम घेतला. "तुझं बघितलं तेव्हा मनात आलं, हिचं तरी कुणी कुणाला सांगावं."

मनस्विनी दोन पायऱ्या उतरून खाली आली. जिन्याच्या झरोक्यातून थोडा उजेड येत होता. तिने शारदाबाईंचा चेहरा उजेडाकडे वळवला आणि डॉक्टरीणबाईंनी केलं होतं तसं बोटाने त्यांची खालची पापणी ओढली. आत लाल काही नव्हतं. तांदूळ धुतलेल्या पाण्याचा रंग होता.

संध्याकाळी विनोदने विचारलं की घरमालकाला काय सांगू. मनस्विनी अंथरुणावर पडली होती, ऐन दिवेलागणीला, सगळ्यांदेखत, आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती. आत्ता नको म्हणून सांग, ती म्हणाली. आधी अंगात रक्त येऊ दे, मग घराचं बघू. या सुस्तुत सामान कोण उचलणार? विनोद सरी म्हणाला आणि रिळं मोजायला खाली गेला.

तिचा रिपोर्ट आला त्यात डॉक्टरीणबाईंचा अंदाज खरा निघाला होता. तो दाखवायला ती शारदाबाईंना बरोबर घेऊन गेली. सोबतीला चला, एवढंच सांगून. शारदाबाई नेहमीप्रमाणे खुर्चीच्या कडेवर बसल्या, पिशवी मांडीवर, उठायच्या तयारीत. बाईंनी रिपोर्टसाठी हात पुढे केला. मनस्विनीने तो दिला नाही. येताना रस्ताभर मनात घोकलेलं वाक्य तिने सासूकडे हात दाखवून म्हटलं, शेवटच्या उकारासकट, नीट.

"डॉक्टर, इवरिगे तुंबा सुस्तु." यांना फार थकवा आहे.

मला काही नाही, मला काही नाही, असं शारदाबाई म्हणणार होत्या. त्यांनी तोंड उघडलंही. पण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हौदा, अक्का?" खरं का, अक्का? शारदाबाईंनी एकदा सुनेकडे पाहिलं. मग मांडीवरची पिशवी खाली ठेवली, आणि हळूहळू मागे सरकत खुर्चीला पाठ टेकून बसल्या.